धुतलेली माती

माती खाणारी बाई ते कुणाला सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणाले होते, आणि विचारणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. आता मी बरी आहे. उजव्या हाताची दोन बोटं सोडली तर बाकी सगळं पूर्वीसारखं चालतं. लिहिताना टाक त्या बोटांतून घसरतो, म्हणून अक्षर वाईट येतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. कुणी तरी चोरून माती खात असेल आणि हे तिच्या वाचनात किंवा कानांवर येईल, एवढ्यासाठीच मी लिहायला बसले आहे. नावं मी बदलली आहेत.

माझं माहेर सोलापूरचं. वडील रेल्वेत मालधक्क्यावर कारकून. मिशनच्या इंग्रजी शाळेत त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. शाळेत मी कमी बोलणारी म्हणून प्रसिद्ध होते. लग्न होऊन आले ती मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, जळकोटपासून दोन कोस आत, नदीकाठच्या एका गावी. घर लिंगायत वाण्यांचं, किराण्याचं दुकान. घरात अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत, आणि तहसिलीचं काही असलं की उर्दूत. मला कानडी तुटकं येत होतं, उर्दू अजिबात नाही, आणि जे उत्तम येत होतं ते इंग्रजी तिथं कुणाला उपयोगाचं नव्हतं. मी आणखीच गप्प झाले. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हणू लागले.

*

घरात माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली ती माझी थोरली जाऊ, अक्का. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नाही. एक चौथ्या महिन्यात गेलं होतं, एक जन्मताच. दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, दुसरी करायची बोलणी मधूनमधून ओसरीवर चालत, आणि अक्का आत भाकरी थापत असे. तिच्या भाकरीचा आवाज तेवढा बदले.

मला दिवस गेले, तिसरा महिना लागला आणि मातीचा वास सोसवेना झाला. सोसवेना म्हणजे नकोसा नव्हे. चुलीला पोतेरं फिरवलं की तोंडाला पाणी सुटे. अक्कानं ते ओळखलं.

"खावीशी वाटायलीय न्हवं?" ती म्हणाली. "लाजायलीस कशाला? भिताडाची खाऊ नको, त्यात शेन असतं. म्या देती."

धान्याच्या कणगीमागून तिनं एक डबा काढला. आत काळसर राखाडी रंगाच्या चपट्या वड्या होत्या, तव्यावर भाजलेल्या. मी एक तोंडात टाकली. ती विरघळली. खडा नाही, रेतीची करकर नाही. मागं जिभेवर किंचित गोडूस, चांदीचं कानातलं चोखल्यासारखी चव राहिली.

"कुठली आहे?"

"झारेकऱ्याच्या डोहाखालची. दिसभर धुतलेली माती असती ती. हिच्यापरीस सोवळी माती गावात न्हाय."

झारेकरी म्हणजे सोनारांच्या भट्टीतली राख आणि दुकानातला केर विकत आणून त्यातून सोन्याचांदीचे कण काढणारा माणूस. आमच्या गावात इमामभाई नावाचे म्हातारे हे काम करत. नदीच्या वळणावर बसून ते परातीत राख घालत आणि पाण्याखाली हलवत, हलवत, इतकी की पाणी घासलेल्या शाईसारखं वाहू लागे. काठावरच त्यांची लहान भट्टी होती. खाली उरलेला जड गाळ ते शिशाबरोबर वितळवत. त्यातून चांदी वेगळी होई. मग भट्टीतला मळ कुटून पुन्हा नदीत धूत. त्यांच्या आधी त्यांचे वडील तिथंच बसत. तिथून पंचवीस-तीस पावलांवर पाणी एका खळग्यात संथ होतं, आणि तिथं गाळ बसतो. हाताला लोण्यासारखा लागतो.

गावातल्या माती खाणाऱ्या बायका तिथलीच माती आणत, कारण ती एका माणसानं दिवसभर धुतलेली असे. आजही मला ही चूक मूर्खपणाची वाटत नाही. घरी आपण तांदूळ, डाळ, भाजी धुऊनच घेतो.

त्या दिवशी अक्कानं माझा हात माझ्याच गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि म्हणाली, "कुनाला सांगायचं न्हाय. अव्वाला कळलं तर म्हनंल, मातीनंच पोरं खाल्लीस. मग तुझे दादा थांबायचे न्हाईत." मी शपथ घेतली. माझ्या सासरच्या आयुष्यातलं ते पहिलं गुपित होतं, आणि खरं सांगायचं तर त्या गुपितानं मला बरं वाटलं.

*

माझं मूल पाचव्या महिन्यात गेलं. त्याबद्दल मी जास्त लिहू शकणार नाही. मुलगा होता असं सुईण म्हणाली.

माती मात्र मी सोडली नाही. आता डोहाळ्यांचं कारण नव्हतं. पण दुपारी सगळे पडले की अक्का आणि मी कणगीमागं बसायचो आणि एकेक वडी खायचो. त्या वेळी ती माझ्या मुलाबद्दल बोलू द्यायची. दुसरं कुणी बोलू देत नव्हतं.

पुढं पोटात कळा येऊ लागल्या. कुणी आतड्याला पीळ घालतंय अशा. आठ-आठ दिवस परसाकडं होत नसे. हकिमांनी काढे दिले, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून लाल औषध आलं. अव्वानं सोनारीच्या काळभैरवाला नवस बोलला. माझ्या वडलांनी कळवलं की इकडं पाठवा. दादा म्हणाले, बाळंतपण बिघडलं की बायकांचं असं होतंच. चेहरा पांढरा पडला. आरशात बघितलं की ओठांच्या आतून हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ दिसायची. मी ती मिशेरीनं घासून बघितली. जाईना, तेव्हा बोलताना तोंडावर पदर धरायला लागले. नव्या सुनेला ते शोभून दिसे, त्यामुळं कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी मी पूजेला विभूतीचा गोळा उचलायला गेले आणि उजवा हात मनगटातून खाली लोंबला. दंड उचलता येत होता. पंजा नाही. मी हात डाव्या हातानं उचलून सरळ केला, सोडला, तो पुन्हा पडला. मी हे तीन-चार वेळा केलं असेन. भीती अजून आलीच नव्हती. दुसऱ्या कुणाचा हात बघत असल्यासारखी मी बघत होते.

अव्वा मागं उभी होती. "अय्य शिवा," ती एवढंच म्हणाली, आणि बैल जुंपायला सांगितले.

त्या वेळी अक्काला पुन्हा दिवस गेले होते, सहावा महिना सरत आला होता.

*

बैलगाडीनं जळकोट, तिथून सर्व्हिस मोटारीनं सोलापूर. हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याला शिपायांनी आमचं बोचकं सोडून बघितलं. त्यात अव्वाचं लुगडं, माझी दोन, आणि भाकरी. माझ्या पोलक्याच्या खिशात कागदात गुंडाळलेल्या चार वड्या होत्या. त्या कुणी बघितल्या नाहीत. दवाखान्यात जाताना मी त्या बरोबर नेत होते, यावरून माझी काय दशा होती ते समजावं.

तो बायकांचा दवाखाना होता. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी हात बघितला, पोट दाबलं, मग म्हणाल्या, "पदर काढा तोंडावरचा. तोंड उघडा."

मी उघडेना. अव्वा माझ्यावर ओरडली, "आगं उघड की! सासऱ्याफुडं बसलीस का काय?"

डॉक्टरबाईंनी चमच्यानं ओठ वर केला आणि खिडकीच्या उजेडाकडं माझी हनुवटी वळवली. मग शेजारच्या नर्सला हाक मारली आणि दोघी माझ्या तोंडावर वाकून इंग्रजीत बोलू लागल्या. अंगावर अव्वाचं लुगडं, कपाळाला विभूती. मला ते कळत असेल असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ही रेघ नीट बघून ठेव, पुस्तकात असते तशीच आहे. शिसं आहे. कित्येक महिने थोडं थोडं पोटात गेलंय. नर्सनं विचारलं, मूल गेलं म्हणतात ते यामुळंच का? डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक यामुळंच. पोटातल्या मुलाला हे आईच्या आधी मारतं.

हे मी इंग्रजीत ऐकलं. त्या भाषेत मी कविता पाठ केल्या होत्या, भूगोल शिकले होते. माझ्या मुलाबद्दल कुणी त्या भाषेत बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी छताकडं बघत राहिले. तिथं एक पाल होती.

मग त्या अव्वाकडं वळून मराठीत बोलल्या, आणि मराठीत त्यांनी मुलाचा विषय काढलाच नाही. त्यांनी तो दयेनं टाळला, हे मला कळत होतं.

"शिशाचं विष भिनलंय. भांड्यांना कल्हई कोण करतं तुमच्याकडं?"

"येतो की एक, दर दोन म्हैन्याला. का हो बाई?"

"कथलात शिसं मिसळतात काही जण."

"तरीच!" अव्वानं कपाळावर हात मारला. "मेल्याची भांडी दोन दिसांत काळी पडत्यात. म्या म्हनलंच व्हतं!"

डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. "आणखी काही पोटात जातं का तुमच्या? भस्म, शेंदूर, खडू, माती, वैदूचं औषध?"

माती म्हणताना त्या जराही थांबल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ती यादीतली एक वस्तू होती. मी तेवढ्या सहज 'हो' म्हणू शकले असते.

मी म्हणाले, "नाही."

*

वॉर्डात चौदा खाटा होत्या. सकाळी फिनेलनं फरशी पुसली जाई. मग दूध. दूध हेच माझं औषध होतं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शिवाय एक कडू मीठ आणि पांढरी भुकटी. हात लाकडाच्या पट्टीवर सरळ बांधून ठेवला होता. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळं औषधं वेळेवर येत नसत, आणि पट्टीचं कापड पुन्हापुन्हा धुऊन वापरत. एक आया मनगटाला तेल चोळायची. ती रोज म्हणायची, "अगं हात हायेत का मेथीच्या जुड्या? धर माझं बोट. धर की. जोर लाव, जावेशी भांडताना लावतीस तसा." ती जावेचं नाव घेई आणि मी तिचं बोट सोडून देई.

मी चार वड्या पहिल्याच दिवशी संडासात टाकल्या. पण अक्काचा डबा घरी होता. तिला वाकवत नव्हतं म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मीच तो भरून ठेवला होता.

रोज मी सांगायचं ठरवायची. मी सांगितलं, तर अक्काची दोन मुलं मातीनं गेली हे घराला कळेल आणि दादांना कारण सापडेल. नाही सांगितलं, तर तिसरंही जाईल. हे तिसरं जाईल, ही गोष्ट सगळ्या घरात फक्त मला माहीत होती, कारण ती इंग्रजीत बोलली गेली होती. हा हिशेब इतका सरळ होता, तरी मी तो नऊ दिवस सोडवत बसले. शपथेचं मी निमित्त करत होते. खरं म्हणजे मला स्वतःची लाज वाटत होती. शिकलेली सून माती खाते, आणि तिनं आपलंही मूल तसंच घालवलं, हे अव्वाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

अव्वानं मोटारवाल्याबरोबर घरी निरोप धाडला होता, कल्हईची भांडी बंद करा. सगळे निर्धास्त झाले होते.

*

नवव्या दिवशी ह्यांचं पत्र आलं. मला मोडी येत नाही म्हणून ह्यांनी ते मुद्दाम बाळबोधीत लिहिलं होतं. अव्वा खाटेजवळ जमिनीवर बसून अक्काच्या बाळासाठी कुंची शिवत होती. म्हणाली, "वाच मोठ्यानं."

मी वाचलं. कल्हईवाला आला होता. दादांनी त्याला चावडीसमोर सगळ्यांदेखत फैलावर घेतलं, त्याचा भाता ओढ्यात फेकला. माझं कथील चोख आहे, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. सगळ्या भांड्यांची कल्हई खरवडून काढली आहे, आता घाबरायचं काम नाही.

पुढची ओळ मी डोळ्यांनी वाचली आणि तोंडानं गाळली.

"येवढंच?"

"एवढंच, अव्वा."

अव्वानं दोरा तोडला. "धर ही कुंची. बघू कशी दिसती. चांगल्या हातानं धर." मी डाव्या हातानं धरली. हिरव्या खणाची होती, पुढं झालर. माझ्या दोन मुठी मावतील एवढीच. अव्वा मान तिरकी करून तिच्याकडं बघत होती आणि हसत होती. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"अव्वा, पत्रात आणखी एक ओळ आहे."

"मंग?"

"वहिनींच्या हातून काल दुधाचा तांब्या निसटला, बोटांत जोर नाही म्हणतात, सातवा लागल्यामुळं असेल."

अव्वा माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत राहिली. "पन कल्हई तर काढली न्हवं?"

"कल्हई नव्हतीच ती."

मग मी सांगितलं. डबा, वड्या, डोह. किती महिने. बोलताना मी कुंचीची झालर सरळ करत होते.

"शाळा शिकलीस," अव्वा म्हणाली. "फाडफाड विंग्रजी वाचतीस. आन माती खातीस व्हय गं? आन ती बी झारेकऱ्याच्या हगनदारीतली?"

"धुतलेली असते म्हणून..."

"कोन म्हनलं धुतलेली?"

मी झालर पुन्हा सरळ करायला लागले.

"थोरली बी खाती," अव्वा म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "आन तू नऊ दीस इथं माझ्या हातानं दूध पीत बसलीस."

मी म्हणाले की पोटातल्या मुलाला हे आईच्या आधी मारतं, डॉक्टरबाई इंग्रजीत बोलल्या होत्या, तेव्हा मला समजलं होतं.

अव्वानं हात उगारला. मारला नाही. पदरानं तोंड पुसलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "म्या बी खाल्लीय. तुझ्या नवऱ्याच्या वक्ताला. लई खाल्ली. पन वरल्या अंगाची, देवळापाशली. खालची आनायला म्या लाजायची, तिथं गडी मानूस बसलेला असायचा." ती उठली. "कुनाला बोलू नकोस. तुझ्या मामंजींना बी न्हाय."

दुपारच्या मोटारीनं ती एकटी निघाली. त्याआधी मोगलाईबाहेर ती कधी एकटी फिरली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरबाई फेरीवर आल्या तेव्हा मी त्यांना सगळं इंग्रजीत सांगितलं. मराठीत मला ते दुसऱ्यांदा उच्चारता आलं नसतं. त्यांनी चष्मा काढला.

"तुम्हाला इंग्रजी येतं? मग त्या दिवशी मी..."

"हो."

त्या माझ्या खाटेवर बसल्या. डॉक्टर खाटेवर बसत नसत. त्यांनी माझ्या पट्टीची गाठ सोडून पुन्हा नीट बांधली. मग उठताना विचारलं, "गावात आणखी कुणाचे हात असे आहेत?" आणि मला इमामभाई आठवले. त्यांची दोन्ही मनगटं लोंबत. परात ते कोपरांनी हलवत. पोरं त्यांना अस्वल म्हणत.

*

तिसऱ्या दिवशी अव्वा अक्काला घेऊन आली. घरी सांगितलं होतं, थोरलीलाही कल्हईच बाधली आहे. बरोबर दोन पुरचुंड्या होत्या, डॉक्टरबाईंनी मोटारवाल्याबरोबर कळवल्यावरून आणलेल्या. एकीत देवळाजवळची माती, दुसरीत खळग्यातली. शहरातल्या एका रसायनाच्या मास्तरांकडून त्यांनी त्या तपासून घेतल्या.

निकाल त्यांनी आम्हाला वॉर्डातच सांगितला. अव्वा जमिनीवर, अक्का शेजारच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून.

"वरच्या मातीत लोखंड आहे, अगदी थोडं तांबंही आहे. ते तुमच्याकडच्या काळ्या दगडातलं. दगड झिजतो, पाऊस ते खाली आणतो. नदी आहे तेव्हापासून हे असंच चालू आहे. खालच्या मातीतही ते आहेच. पण शिसं फक्त खालच्या मातीत आहे, आणि ते भरपूर आहे. ते दगडातनं आलेलं नाही. माणसांनी आणून टाकलेलं आहे."

"नदी येकच," अव्वा म्हणाली, "आन माती दोन?"

"शिशाची पूड पाण्याबरोबर वाहते, पण लांब जात नाही. पाणी जिथं संथ होतं तिथं खाली बसते."

"आन तिथंच माती लोन्यावानी असती," अव्वा म्हणाली.

"तिथंच."

"मंग वरची खाल्लेली चालती?"

"अव्वा!" मी म्हणाले. डॉक्टरबाई हसल्या. त्या वॉर्डात मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच. म्हणाल्या, "कुठलीच चालत नाही. त्यात जंत असतात."

अक्का हसली नाही. ती आल्यापासून माझ्याशी एकच वाक्य बोलली होती. "लिंगावर हात ठेवला व्हतास." दोन खाटांमध्ये हातभर अंतर होतं. आया दोघींचे हात पाळीपाळीनं चोळायची आणि म्हणायची, "येका घरच्या दोन मेथ्या." दूध दोघींना एकदमच यायचं. अक्का ते प्यायची आणि भिंतीकडं वळायची. तीन आठवडे ती तशी होती. मला वाटे, तिनं मला मारावं. आजारपणात घर आपल्याला सांभाळतं असं म्हणतात. आम्हाला अव्वानं सांभाळलं, पण एकमेकींपासूनही सांभाळावं लागलं. वेण्या घालताना ती आमच्या मध्ये बसायची.

एका दुपारी अक्काला जेवताना घास उचलता येईना. मी न बोलता तिच्या खाटेवर गेले आणि डाव्या हातानं भरवायला लागले. डाव्या हातानं भरवणं बरं नव्हे. तिनं एकदा हाताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तोंड उघडलं.

आठवा सरताना ती तिथंच बाळंत झाली. मुलगी. जिवंत. रडायला वेळ लागला, पण रडली. हिरवी कुंची तिला एवढी मोठी झाली की डोळे झाकले जात. अव्वानं दोन्ही बाजूंनी टाके घातले.

*

सात महिन्यांनी माझं मनगट उचललं गेलं. मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नंतर दोन दिवस दुकानातच जेवले, तिसऱ्या दिवशी घरी आले. दादांना अजून कुणी सांगितलेलं नाही. दुसरीची बोलणी बंद झाली. पण दादांना न सांगण्याचा अर्थ असा की घरात आणि गावात अजून कल्हईवालाच दोषी आहे. तो पुन्हा आमच्या गावात आला नाही. त्याचं कथील चोख होतं. त्याला गाठून हे सांगावं इतका माझ्यात धीर नाही, म्हणून इथं लिहिते.

इमामभाईंकडं अव्वा आणि मी गेलो. अव्वानं सांगितलं. त्यांनी दोन्ही मनगटं आमच्यापुढं धरली.

"मेरे बाप के हातां बी ऐसेच थे, बेटी," ते म्हणाले. "हमें समझे, धंदे का निशान है." मग विचारलं, "अब कहां धोऊं?"

त्यांनी परसात खड्डा खणला, त्यात धुऊ लागले. तो भरला की पाणी ओहळानं नदीलाच मिळतं. खळग्यातला गाळ तर तिथंच आहे. अव्वा ओळखीच्या बायकांना एकेकीला बाजूला घेऊन सांगते. काही ऐकतात. काही म्हणतात, आमच्या सासवांनी खाल्ली, काय झालं?

निजामाचं राज्य गेलं, आणि मी आता नव्या राज्यात हे लिहिते आहे. सरकारी दवाखाना आमच्या गावापासून पूर्वी होता तितकाच लांब आहे. जी कुणी हे वाचून स्वतःशी दचकेल, तिला मी एवढंच सांगेन की डॉक्टर विचारतील तेव्हा पहिल्याच दिवशी 'हो' म्हण. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. विशेष वाटतं ते आपल्याला.

*

अक्काच्या मुलीला आम्ही चन्नू म्हणतो. तिला तीन वर्षं झाली. अडीच वर्षांची होईपर्यंत चालत नव्हती. अजून चार-पाचच शब्द बोलते. सोलापूरला दाखवून आणलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आठव्या महिन्यातली मुलं मागं राहतातच, हे त्यानं झालं की शिशानं, मी सांगू शकत नाही. शेवटच्या दिवसांतलं माती खाणं जरा आधी थांबलं असतं तर, असं त्या म्हणू लागल्या आणि थांबल्या. या वेळी त्या मराठीतच बोलत होत्या आणि अक्का शेजारी उभी होती.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. अक्का सुपावरून नजर न काढता म्हणाली, "किती दीस?"

"काय, अक्का?"

"तुला दवाखान्यात कळलं तवापासनं. अव्वाला सांगंपतोर."

अव्वानं तिला ते कधी सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलू शकले असते. दोन म्हणाले असते तरी तिनं मानलं असतं.

"नऊ," मी म्हणाले.

ती निवडत राहिली. एक खडा काढला, बाजूला ठेवला. मग आणखी एक.

"त्या नऊ दिसांत म्या दोनदाच खाल्ली," ती म्हणाली. "मळमळत व्हतं."

एक वडी तोंडात असल्याशिवाय अक्काची दुपार जात नसे, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती. मी होकाराची मान हलवली. तिनं सूप माझ्याकडं सरकवलं आणि चन्नू कुठं गेली ते बघायला उठली.